निखारेकाकांचा पाना

आमच्या शेजारच्या निखारेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसतो. तिथे एक जुना स्पार्क प्लग असतो. बँकेत सही करायची वेळ आली की ते खिशात हात घालतात, प्लग बाहेर काढतात, त्याच्याकडे जरा वेळ बघतात आणि मग शेजारच्या माणसाला पेन मागतात.

काका मेकॅनिक आहेत असं कोणालाही वाटेल, पण तसं काही नाही. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे, आणि काका सरकारी कचेरीत टेबलाशी बसून निवृत्त झाले. पण प्लग खोलायचा पाना कसा असावा, यावर त्यांची मतं फार कडक आहेत. माणूस ओळखायचा तो त्याच्या डिक्कीतल्या पान्यावरून, असं ते मानतात. गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी मुलाची नोकरी विचारली, घर विचारलं. काका मात्र गुपचूप बाहेर जाऊन त्याच्या मोटरसायकलचा प्लग बघून आले आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा चांगला आहे गा, पण पकडीनं प्लग खोलते. विचार कर." लग्न झालं, संसारही झकास चालला आहे. काकांनी आपला निकाल अजून राखून ठेवला आहे.

त्यांच्या स्वतःच्या पोर्चमध्ये एक छोटी पांढरी गाडी होती. गंमत म्हणजे काकांना गाडी चालवता येत नाही. गाडी काकूंची. काकू उमरेड रोडवरच्या एका शाळेत शिकवायच्या आणि रोज स्वतः गाडी घेऊन जायच्या. सुट्टीच्या दिवशी काका डावीकडे बसून फिरून यायचे. एकदा संध्याकाळी प्लगनं दगा दिला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मदत मिळेपर्यंत काकू ट्रकांच्या धुळीत एकट्या उभ्या होत्या. घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की पाय दुखले. त्यानंतर गाडीचे प्लग कायमचे काकांकडे आले.

काकू गेल्या, पण काकांचा क्रम चुकला नाही. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, ते तिन्ही प्लग खोलायचे, पुसायचे, परत बसवायचे आणि कुंपणावरून मला हाक मारायचे. मी जाऊन गाडी चालू करून द्यायचो. काका येऊन डावीकडच्या सीटवर बसायचे. गाडी जागची हलत नसे. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसायचो. काही वेळानं ते म्हणायचे, "बस, झालं," आणि उतरायचे.

या उन्हाळ्यात त्यांच्या पुण्याच्या मुलीनं गाडी विकायचं ठरवलं. चालवणारं कोणी नाही, उभी राहून सडून जाईल, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. काकांनी वाद घातला नाही. गिऱ्हाईक ठरलं ती स्नेहल नावाची मुलगी, बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला जाणारी. सौदा झाल्यावर काका माझ्याकडे आले आणि म्हणाले की वाडीला जाऊ, नवा पाना घ्यायचा आहे.

आता गाडीच चालली तर पाना कशाला, असं मी विचारलं. ते माझ्या स्कूटरवर मागे जाऊन बसले.

शहराबाहेर, हायवेवरच्या वाडीत ट्रकवाल्यांच्या हत्यारांचं एक दुकान आहे. दुकानदार काकांना ओळखतो, म्हणजे त्यांना बघून तो आधी पंखा वाढवतो. त्यानं समोर पाने मांडले. काका एकेकात खिशातला प्लग घालून पाना उलटा धरायचे. आतलं रबर ढिलं असेल तर प्लग टपकन काउंटरवर पडायचा, आणि पाना बाद. मग दांड्याची पाळी आली. आखूड दांडा बाद, कारण जोर फार लागतो. भक्कम दिसणारा बाद, कारण वजन फार. एक सुंदर चकचकीत पाना मला फार आवडला. काकांनी तो डोळे मिटून हातात धरला आणि परत ठेवला.

"याची मूठ जाड आहे," ते म्हणाले.

दुकानदार वैतागला. म्हणाला, "काका, पूरा मार्केट यही पकडता है. तुमच्याच हाताले काहून जाड होते?"

"माह्या हाताले नाही होत गा," काका म्हणाले. "बाईच्या हाताले होते."

दुकानदार मागच्या फळीवरून एक सडपातळ, लांब दांड्याचा पाना काढून घेऊन आला. काकांनी तोच घेतला.

स्नेहल गाडी न्यायला आली तेव्हा काकांनी किल्ली देण्याआधी तिला बॉनेटजवळ उभं केलं. तिला ऑफिसची घाई असावी, पण ती थांबली. तिनं पाना लावून लगेच जोर केला तर काका म्हणाले, "असं नोको करू वं पोरी. पह्यले बोटानंच फिरव. प्लगचा आटा म्हंजे धागाच असते, ओढला का तुटते." तिनं तिन्ही प्लग स्वतः बसवले. हात काळे झाले होते तरी हसत होती. काकांनी पाना कापडात गुंडाळून तिच्या सीटखाली ठेवला. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली, वळली आणि गेली. काका फाटक लावायला विसरले. मी लावलं.

त्यानंतर रविवारी हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

मग एका संध्याकाळी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. पाण्याचं, उन्हाचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या पोरीले फोन लावतं का? गाडी सकाळी बराबर चालू होऊन राहिली का, इचार."

नंबर तर तुमच्याकडेही आहे, मी म्हणालो.

"मी कसा लावू गा. तिले वाटन, म्हातारा मांगं लागला."

मी फोन लावला. गाडी छान चालली आहे, एकदाही बंद पडली नाही, असं स्नेहल म्हणाली. मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आणखी काही म्हणत होती?"

"तुम्ही कसे आहात ते विचारत होती."

"मंग? तू काय सांगितलं?"

"बरे आहेत म्हणालो."

"बरं केलं," काका म्हणाले.

पण ते उठले नाहीत. मी आत जाऊन बायकोला सांगितलं, काका जेवायला आहेत.