भुऱ्याला आत कोण आणणार?

कामथडीच्या कुंडलिकनं नव्या घराला चकचकीत फरशी घ्यायची ठरवली आणि तिथंच सगळं बिनसलं. कापूरहोळच्या दुकानात त्याच्या बायकोनं, मंगलनं, खरखरीत फरशीवर बोट ठेवलं होतं. पण कुंडलिक म्हणाला, "अगं, ती बाथरूमची. घरात कशी, तोंड दिसंल अशी पायजे." (त्या तोंडाची एवढी हौस कुणाला आहे, हे मंगलनं दुकानदारासमोर विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.)

वास्तुशांत झाली, पाव्हणे जेवून गेले आणि भुऱ्या दारात आला. भुऱ्या म्हणजे घरचा कुत्रा. जुन्या घरात, सारवलेल्या जमिनीवर, तो मंगलच्या अंथरुणाशेजारी झोपायचा. त्यानं ऐटीत पुढचे दोन पाय आत टाकले. एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. कसाबसा सावरून तो जो अंगणात पळाला, तो पुन्हा उंबरा ओलांडीना.

एरवी अंगणात झोपला असता तर कुणाचं काय जात होतं! पण पलीकडच्या उसात बिबट्या आला होता. नुकतंच त्यानं शेजारच्या गेनूचं कुत्रं उचललं होतं, तेही साखळीसकट. मंगलचा जीव नुसता टांगणीला लागला.

"भुऱ्या आत न्हाई आला, तर मी बी भाईर झोपणार," तिनं सांगून टाकलं.

"अन् मी गं?"

"तुमी बसा फरशीत तोंड बघत."

कुंडलिक कामाला लागला. आधी त्यानं भुऱ्याला उचलून आत आणला. भुऱ्या चारी पाय फाकवून मधोमध थरथरत उभा राहिला आणि नव्या घराचा दुसरा अभिषेक करून मोकळा झाला. मग कुंडलिकनं त्याला आपले पायमोजे घातले, तर बिचारा आणखीच घसरला. मग खताची रिकामी पोती अंथरली. ती प्लॅस्टिकची, त्यामुळं पोतं आणि कुत्रा दोघं मिळून थेट देव्हाऱ्यापर्यंत गेले. तिथून भुऱ्या जो सुटला, तो पुन्हा अंगणात.

"अवो, किती छळ मांडलाय मुक्या जिवाचा!" मंगल ओरडली.

"छळ न्हाई, शिकवतोय. कुणीतरी त्याला चालून दाखवाया पायजे."

असं म्हणून हा गडी हात-गुडघे टेकून रांगायला लागला. "असं बघ भुऱ्या, दमादमानं..." मंगलनं आत्ताच फरशी पुसून घेतली होती, हे सांगायला तिला सवड मिळाली नाही. कुंडलिकचे दोन्ही हात पुढं निसटले आणि हनुवटी फरशीवर आदळली.

"आई गं! मेलो!"

ते ऐकलं मात्र, भुऱ्या घसरत, धडपडत, पोटावर सरकत आत आला आणि धन्याचं तोंड चाटायला लागला. मंगलनं आधी दार लावून कडी घातली. मग विचारलं, "लागलं का वो?"

त्या दिवसापासून दिवेलागणीला कुंडलिकला पडायची ड्यूटी लागली. तो फरशीवर बेतानं आडवा व्हायचा, कण्हायचा आणि भुऱ्या धावत आत यायचा. (गेनूनं एकदा खिडकीतून बघितलं आणि डॉक्टरला फोन लावायला निघाला होता.) रोज येऊन येऊन भुऱ्याला जपून पाऊल टाकायची युक्ती सापडली. तो आपला आपण आत यायला लागला. मंगलला सुखानं झोप लागायला लागली.

मग एका संध्याकाळी कुंडलिक दुधाची किटली घेऊन आत आला आणि खरोखरच घसरला. किटली एकीकडं, हा एकीकडं, कंबरेत अशी कळ की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"मंगल! मेलो गं! धाव!"

कोपऱ्यात झोपलेल्या भुऱ्यानं एक डोळा उघडला. उठला, शांतपणे फरशीवरून चालत आला आणि सांडलेलं दूध चाटायला लागला.

आतून मंगलचा आवाज आला, "अवो, उठा आता! तो कवाचा आत आलाय."