नावापुढली रिकामी जागा आणि भोजनगृहाचे दार

श्रीकृपेने चुली पेटत्या राहोत, पंगती भरल्या राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात वृद्धांच्या भोजनगृहास यंत्राचे दार बसविले, आणि येणाराने नाव उमटवावे, यंत्राने यादीशी ताडून दार उघडावे, ऐसा बंदोबस्त जाहला, आणि यंत्रास आज्ञा लिहिण्याचे काम गिरिजाबाई या नवशिक्या कारकुनिणीकडे आले. त्या राज्यी रीत ऐसी, की आपले नाव लिहून पुढे एका अक्षराची जागा सोडावी. कारण बाई, राव हा मान दुसऱ्याने जोडावयाचा. पहिल्याच दिवशी गिरिजाबाईंच्या सासूबाई सगुणाबाई ठेवणीतले लुगडे नेसून सर्वांआधी आल्या आणि रीतीप्रमाणे नाव उमटवून जागा सोडिली, मग यंत्र वदले, "ऐसे कोणी नाही." यादीत नावे जागेविना, आणि यंत्रास रिकामी जागा हेही अक्षरच! मागल्यांचीही तीच गत जाहली. भोजनगृहाचे दिवाणजी तापले, "तासाभरात दार उघडले नाही तर यंत्र जाईल आणि बाई, आपणही." सासूबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला घाई नाही गं. खाऊन आलेय मी." खाल्ले नव्हते, हे सुनेस पक्के ठाऊक.

मग बाईंनी आज्ञा लिहिली, की नावाच्या कडेची रिकामी जागा छाटावी, आणि दार उघडेना. मग तीच आज्ञा पुन्हा लिहिली, जणू यंत्र कानाने अधू, आणि तरी उघडेना. दिवाणजी बोलिले, "लोकांसच सांगा, जागा सोडू नका." बाई हळूच बोलिल्या, "लोक चुकले नाहीत, दिवाणजी. मी चुकलेय. कुठे, ते सापडू द्या." तो शेजारच्या दफ्तरातील जाणत्या यमुताई चहा घेऊन आल्या, आज्ञा वाचिली आणि हसल्या, "अगं, छाटलंय त्यानं. छाटलेलं नाव केव्हाचं तुझ्यापुढे धरून उभं आहे बिचारं. तू घेतलंस कुठे?"

"मग ताडतंय कोणतं?"

"जुनंच. एकदा लिहिलेलं नाव यंत्रात बदलत नाही, बाळ. छाट म्हटलं की ते नवं करून देतं. ते आपण ठेवून घ्यायचं."

मग बाईंनी लिहिले, की छाटलेले नाव ठेवून घ्यावे आणि तेच ताडावे, आणि सासूबाईंनी पुन्हा जागा सोडूनच नाव उमटविले, आणि दार उघडले. त्या पदर सावरीत आत गेल्या, आणि बसण्याआधी शेजारी दुसरे पान मांडविले, म्हणाल्या, "सुनेला बोलवा. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या." दिवाणजींनी स्वहस्ते मीठ वाढिले.

एवंच, त्या दिवशी जमेस सारी पंगत, खर्ची एक चूक आणि चहाचा निवालेला पेला, आणि शिल्लक राज्याची रीत राहिली.