एक ओव्हर मागे

आमच्या बेलपाड्याच्या मैदानात सिक्स बसला की आधी पब्लिक ओरडतं. मग कोणीतरी गटारातून बॉल काढतो, ओव्हर संपत येते आणि तेव्हा कुठे लाउडस्पीकरवर विलासदादा म्हणतो, "आनि... हा... उचलला!" पब्लिक पुन्हा तेवढंच ओरडतं. एक सिक्स दोनदा! अशी चैन कुठल्या स्टेडियममध्ये मिळते, सांगा बरं!

विलासदादा आमचा कॉमेंटेटर. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. व्हीलचेअरवर असतो, मान डुलते, एकेक शब्द जोर लावून बाहेर काढावा लागतो. डोकं मात्र असं तल्लख की जुना स्कोअर बघायला मला वही लागते, त्याला नाही. ओव्हर संपो, मॅच संपो, लोक घरी जाऊन जेवायला बसोत, राहिलेला शेवटचा बॉल तो बोलणार म्हणजे बोलणारच.

मी खारघरच्या टॉवरमधून इथे स्कोअरर म्हणून आलो, त्या पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "मला... जरा..."

"पाणी?" मी बाटली पुढे केली.

त्याने पहिल्यापासून सुरू केलं. "मला... जरा..."

"घरी सोडू?"

पुन्हा पहिल्यापासून! शेवटी मी गप्प बसलो, तेव्हा वाक्य पुरं झालं. "मला... जरा... बोलू दे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी फक्त माइक धरतो आणि थांबतो.

यंदा पनवेलच्या टीमशी फायनल. आमचा कॅप्टन किशोर सकाळीच म्हणाला, "मॅच मोबाइलवर लाइव्ह जानार हाय. फास्ट बोलनारा आनलाय. दादाचा सत्कार करू ना!"

माझं डोकंच सणकलं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर तो या एका दिवसाची वाट बघतो हो! "किशोर... तू..." तो म्हणाला, तर किशोर पाठ फिरवून चालायला लागला. दादाने पहिल्यापासून सुरू केलं. आजूबाजूचे सगळे थांबले, चहावालासुद्धा. "किशोर... तू... ऐकून तरी... जा."

"दादा नाय तर मॅच नाय!" पब्लिकने एकच गिल्ला केला. किशोरने तोंड वाकडं करून नव्या माणसासाठी घेतलेला माइक परत दिला.

आणि काय मॅच झाली म्हणून सांगू! शेवटच्या ओव्हरला किशोर बॅटिंगला. सिक्स काय, फोर काय! शेवटच्या बॉलवर दोनच रन हवे होते. किशोरने बॉल उंच मारला, तो थेट फिल्डरच्या हातात. खलास! किशोर पिचवरच बॅटला डोकं टेकून बसला.

दादा तेव्हा त्याच ओव्हरच्या पहिल्या बॉलवर होता. "किशोरचा... सिक्स!" निघालेलं पब्लिक जागीच थांबलं. शिट्ट्या सुरू झाल्या. मग फोर. पुन्हा शिट्ट्या. किशोरने मान वर केली. एकेक करत पाच बॉल झाले आणि मैदान चिडीचूप झालं. सहाव्याचं काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी माइक धरून थांबलो.

दादाने वाकड्या बोटांनी माइक हळूच बाजूला सारला.

"दादा, एक बॉल राहिला."

"राहू... दे," तो म्हणाला. "त्याला... म्हाईत हाय."