रिकामं म्हणजे शून्य न्हाई

आमच्या शेजारच्या बिराजदार साहेबांना चहा कसा झालाय, हे विचारू नये. बायकोने एकदा विचारलं.

"एका घोटावर काय सांगू वहिनी? सॅम्पल लहान हाय."

म्हणून तिने दुसरा कप दिला. मग तिसरा. (बायको चार म्हणते. मी पाहिले ते तीन.) शेवटी साहेब म्हणाले, "कल दिसून राहिला, पण निष्कर्ष न्हाई," आणि उठून गेले.

साहेब मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत त्यांची सारी नोकरी डेटा चाळण्यात गेली. पत्नी वारल्यावर ते लातूरला, आमच्या गल्लीतल्या घरी परत आले. एकटेच. मी पतसंस्थेत हिशेब तपासतो, त्यामुळे आकड्यांचा माणूस म्हणून त्यांनी मला जवळ केलं. खरं तर माझ्या आकड्यांची बेरीज होते, त्यांच्या आकड्यांचे ढग होतात.

नोकरीतले धडे ते कुणालाही सांगत. एका गावातले लोक पहाटे ऑनलाइन मिक्सर का विकत घेतात, याचा म्हणे त्यांच्या टीमने लई अभ्यास केला. गावाच्या स्वभावावर अहवालही लिहिला. मग कळलं, नोंद ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ परदेशातल्या वेळेवर होतं. लोक बिचारे दुपारी जेवून खरेदी करत होते. तेव्हापासून काही नवलाचं ऐकलं की साहेब आधी विचारतात, "घड्याळ बघितलं का?" समोरच्या शेखभाईंच्या मुलीचं लग्न अचानक ठरलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. शेखभाई बिचारे घड्याळ बघून म्हणाले, "साडेदहा."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी कधी येईल ते सांगता येत नाही. साहेबांनी गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. प्रत्येकाने 'आलं' किंवा 'न्हाई' एवढंच लिहायचं. त्यावरून ते पुढचा अंदाज सांगणार होते. दोन महिन्यांनी त्यांनी रंगीत आलेख टाकला. त्यातून सिद्ध झालं की आमच्या गल्लीत पाणी जवळजवळ येतच नाही. साहेब पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन निघाले, तेव्हा माझी बायको भरलेली घागर कमरेवर घेऊन दारात उभी होती.

"भाऊजी, पाणी आल्यावर घागर धरायची का मोबाईल?"

ज्याच्याकडे पाणी नाही तोच मोकळा, म्हणून तोच लिहायचा. साहेब रागावतील असं मला वाटलं. ते टाळ्या वाजवायला लागले. "हाव! हेच! रिकामं म्हणजे शून्य न्हाई. गप्प बसला त्याच्या दारात जाऊन बघावं, मनानं आकडा भरू न्हाई!"

तेव्हापासून ज्याचा मेसेज नाही, त्याच्या दारात साहेब हजर. कडेच्या घरातल्या शकुंतला मावशींना मोबाईल वापरता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे तर दर खेपेला. मावशी म्हणायच्या, "पाणी बघायला येतोस का मला बघायला?"

दिवाळीनंतर साहेबांची मुलगी पल्लवी मागे लागली : घर विका, बंगळुरूला या. साहेबांनी दोन्ही गावांना गुण दिले. हवा, दवाखाना, पाणी. शेवटचा रकाना 'विचारणारं माणूस'. त्यात बंगळुरूला दहा, लातूरला शून्य. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं वाचून दाखवलं. बेरीज बरोबर होती, मी तपासली. त्या शून्याचं मात्र मला लागलं. बायकोला सांगितलं नाही. साहेबांचा चहा बंद झाला असता.

"आकडे जा म्हणतात," साहेब म्हणाले. आवाजात उत्साह नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी नळ आला. एव्हाना सगळ्यांना सवय लागली होती. एका हाताने पाइप धरून दुसऱ्याने 'आलं' लिहीत होते. साहेबांचंच काही नव्हतं. त्यांची मोटारही सुरू झालेली ऐकू आली नाही.

"भाऊजी गप्प हायत," बायको म्हणाली. "जाऊन बघा ओ."

मी गेलो तर दारात शेखभाई आधीच उभे. मागून शकुंतला मावशी काठी टेकत आल्या. मग बाकीचे, कुणी बादलीसकट. शेखभाईंनी दार बडवलं.

साहेबांनी बनियनवर दार उघडलं. काखेत तांदळाचा डबा. मोबाईल टाकीत पडला होता, तो तांदळात पुरून ते राखण करत बसले होते. त्या नादात नळ आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

"काय झालं? सगळेच कसे?"

"साहेब, तुमचा मेसेज न्हाई," शेखभाई म्हणाले. "तुम्हीच शिकवलं ना?"

मावशींनी त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला. "बरा हायस ना रे?"

साहेब डबा घेऊन तसेच उभे राहिले. शेखभाईंनी तोवर आपल्या मोटारीचा पाइप त्यांच्या टाकीत सोडला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पल्लवी घाबरलेली. "काका, बाबांचा फोन लागत नाहीये." मी फोन साहेबांकडे दिला.

"बरा हाय बेटा. बंगळुरूचं तिकीट आत्ता काढू नको… न्हाई, बेरीज बरोबर हाय. एका ठिकाणी शून्य भरलं होतं. ते रिकामं होतं… मी विचारलंच नव्हतं कुणाला. आता गोळा करून राहिलो."

बायको आमच्याकडून चहा घेऊन आली. साहेबांनी डबा खाली ठेवला, एक घोट घेतला. आम्ही सवयीने दुसऱ्या कपाची तयारी ठेवली होती.

"चांगला झालाय वहिनी," साहेब म्हणाले.