मिथुनचा हिरवा कनेक्टर

मिथुनच्या घरातलं इंटरनेट गेले अकरा दिवस रोज सकाळी आठला जात होतं आणि दुपारी तीनला, काही घडलंच नसल्यासारखं, परत येत होतं. मिथुनने कंपनीकडे अकरा तक्रारी केल्या. सगळ्यांत मजकूर एकच: तुमच्या माणसाने हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर लावलाय.

दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात ही तक्रार समजेल असा दुसरा माणूस नव्हता. बोईसरच्या भंगारवाल्यांकडून जमवलेले फायबरचे कनेक्टर मिथुन बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. चौकोनी, गोल, फिरकीचे, आणि एक तर जगात कुठेच न बसणारा.

आज अकराला त्याच कंपनीत लाइनमनच्या जागेसाठी त्याची ऑनलाइन मुलाखत होती. मोबाइलला रेंज फक्त बंदरावर, आणि तिथे मासळीच्या लिलावाचा गलका. साडेदहाला, कनेक्शन जोडून गेलेला कंपनीचा मेहुल आला, तेव्हा मिथुन उंबऱ्यातच दात खात उभा होता.

"हिरवा तिरका घासलेला असतो, निळा सपाट. एकमेकांना जोडले की मधे फट, प्रकाश वाया. एवढं पण कलत नाय तुमाला?"

"हिरवाच लावलाय, मिथुनभाऊ. बघा."

मिथुनने बघितलं. हिरवाच होता. त्याचा त्याला जास्त राग आला.

"मंग रंग खोटा असंल."

मेहुल वायरीच्या मागे मागे परसात गेला. तिथे मिथुनची आई लाडकीबाई, बांबूंना दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर, जबड्यात जबडा अडकवून ओले बोंबील वाळत घालत होती. चार दोऱ्या भरल्या होत्या. पाचवी काळी, बारीक, बोंबलांच्या वजनाने जमिनीकडे झुकलेली आणि बांबूपाशी काटकोनात मुडपलेली; अशा मोडीतून प्रकाश पुढे जात नाही.

"आये, ही माजी फायबर हाय."

"माज्या वलांडीला कोनी बांदली?"

बांधली मिथुननेच होती. जोडणीच्या दिवशी मेहुल खांबावरून नेऊ म्हणाला, तेव्हा "मला नका शिकवू" असं म्हणून.

"वलांडीवर जी दोरी, ती बोंबलाची," लाडकीबाई म्हणाली. "तीनपातूर पानी गलतं, मंग हलके होतात."

मिथुन बोंबील ओढायला धावला.

"हात नको लावू. रेतीत पडले तर कोन घेनार?"

"माजी नोकरी जाईल, आये."

"आनि माजी नोकरी?"

शेवटी मेहुलने होडीचं वल्हं उचललं, वायरीखाली धरलं आणि बोंबलांसकट ती वर उचलून उभा राहिला. दहा एकोणसाठला नेट आलं.

मिथुन कनेक्टरचा डबा उघडून मुलाखतीला बसला. पण मुलाखत घेणाऱ्या सलोनी मॅडमनी कनेक्टरचं नावही काढलं नाही.

"एका ग्राहकाचं नेट रोज सकाळी जातं, तीनला येतं. त्याच्या अकरा तक्रारी आहेत माझ्यासमोर. आधी काय तपासाल?"

"भाऊ, हात भरून आला," परसातून मेहुलचा आवाज आला.

मिथुनने दात आवळले.

"त्याच्या आईला विचारीन."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

सोमवारी तो कामावर रुजू झाला. पहिलीच तक्रार शेजारच्या एडवण गावची: सकाळी नेट जातं, कनेक्टर चुकीचा आहे, मला शिकवू नये.

मिथुनने डबा घरी ठेवला आणि वल्हं घेऊन निघाला.