सुनेच्या मापाची तलवार

आमचे दत्तूबापू कुठलीही लांब वस्तू हातात आली की आधी एका बोटावर तोलून बघतात. छत्री, हातोडा, काही का असेना. एका लग्नात त्यांनी वाढप्याच्या हातातला झारा काढून घेतला, बोटावर आडवा ठेवला आणि तो पडल्यावर म्हणाले, "तोंड जड हाय. तोल न्हाई." शेजारी बसलेल्या व्याह्यांना वाटलं, आपल्यालाच बोलले. ते अजून बापूंशी बोलत नाहीत.

देवळाली प्रवऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. बापू शुगर फॅक्टरीत फिटर होते. निवृत्त झाले, पण हातांना ते कुणी कळवलंच नाही. मी सोफे दुरुस्त करतो, त्यामुळे डिंक, दोरा, फोम मागायला ते सारखे येतात. "रफिकभाई, येक मिनिट," म्हणतात आणि माझं जेवण निवतं.

मागच्या हिवाळ्यात ते तलवार घेऊन आले. मराठेशाहीतल्या तलवारीची नक्कल, शोभेची, बिनधारेची. काकडीनंसुद्धा भिण्याचं कारण नव्हतं.

"भिंतीला लावणार?" मी विचारलं.

"भिंत काय फिरवनार हाय तिला?"

मग दाराबाहेर बघून त्यांनी हळूच सांगितलं. त्यांची सून ज्योती जळमटं काढत होती. घरात कुणी नाही असं समजून तिनं ती लांब काठी अशी गरगरा फिरवली की बापू दाराआडच थांबले. ज्योती नेवाशाची. शाळेत तलवारबाजी शिकलेली. लग्न झालं आणि सगळं सुटलं.

"आमी कुनी सोड म्हन्लं न्हवतं," बापू म्हणाले, "पन धर म्हन्लं बी न्हवतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली. "जरा धर गं, माझं हात तेलकट हायेत."

तिनं धरली. मनगट एकदाच फिरवलं आणि चटकन खाली ठेवली. "टोकाकडं ओढतीय, मामा."

झालं! बापू कामाला लागले. पातं कानशीनं घासघासून हलकं केलं. मुठीमागं पितळी गोळा बसवला, काढला, परत बसवला. मूठ तिला मोठी होत होती, म्हणून ती मेथी निवडत असताना पंजाला दोरा गुंडाळून माप घेतलं. ती बिचारी मेथीची जुडी धरून तशीच बसून राहिली.

म्यानानं मात्र आम्हाला रडवलं. पहिलं पाईपचं, त्यात तलवार खुळखुळ्यासारखी वाजायची. दुसरं सागवानी, दोन फळ्या आतून कोरून चिकटवलेलं. त्यात तलवार गेली ती येईचना. म्यान मी धरलं, मूठ बापूंनी. "वढा, रफिकभाई!" ती सुटली तेव्हा मी म्यानासकट त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. बापू आधी म्यानाला लागलं का ते बघून आले. मग तेच आतून घासून सैल केलं आणि वरून मी मरून रंगाची मखमल चढवली. आपल्या हातचं काम, पण सांगतो, देखणं झालं.

तेवढ्यात शेवगावहून बापूंची थोरली बहीण, आक्का, आली. "सुनंच्या हातात तलवार? उद्या तुज्याच डोक्यावर बसंल!"

"बसू दे. तुज्या जिभंपरीस हलकी हाय."

पण ती आत गेल्यावर बापूंचा आवाज उतरला. "लोकांत हसं झालं तिचं, तर? शिवजयंतीला खेळ म्हनून म्याच तिला पुढं घातली."

शिवजयंतीच्या मिरवणुकीत चौकात रिंगण झालं. ज्योतीनं पदर खोचला, तलवार उपसली, म्यान बापूंच्या हातात दिलं. हलगी कडाडली. पुढं पातं काही दिसेना, नुसती तिच्याभोवती चमक फिरत होती. बायका ओरडत होत्या, आणि सगळ्यांत पुढे आक्का, "आमची सून हाय!" असं अनोळखी माणसांना धरधरून सांगत होती.

बापू कुठं दिसेनात. शोधत गेलो, तर टेम्पोमागं, चौकाकडं पाठ करून, डोळे गच्च मिटून उभे. म्यान छातीशी धरलेलं.

"बापू, अहो बघा तरी!"

"न्हाई बघवत. सुटली का हातातनं?"

"नाही."

"आन आता?"

"नाही हो, बापू."

हलगी थांबली. गर्दीतून वाट काढत ज्योती आली. घामानं भिजलेली, धापा टाकत, पण हसत. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मामा, बघितलं का?"

बापूंनी उपरण्यानं डोळे पुसले.

"व्हय तर," ते म्हणाले. "सगळं बघितलं."