घर कोठे?

सर्वप्रथम नमूद करण्यात येते की, आमच्या घरी एकूण पाच जीव राहतात: आबा, बाबा, आई, मी आणि चंद्री. पैकी चंद्री ही गाय असून तिला स्वतंत्र खोली आहे. मी, निकिता, दहावीत असून मला नाही.

तसं घर चार खोल्यांचं आहे. पण आम्ही पडलो भाजी पिकवणारे. पहिल्या खोलीत वांग्यांचे क्रेट, दुसरीत सांबाराच्या जुड्या, तिसरीत स्वयंपाक आणि चौथीत आबा व टीव्ही, दोघंही मोठ्या आवाजात. सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबार-वड्यातलं सांबार वेगळं. मी भूमिती त्या जुड्यांमध्ये बसून सोडवते. गणिताच्या मॅडमनी माझी वही तपासायला घेतली की त्यांना भूक लागते. माझी मागणी फार नव्हती. बोर्डाच्या परीक्षेआधी एक खोली हवी होती, जिला आतून कडी असेल.

दिवाळी झाली आणि घरात दोन पक्ष पडले. बाबांचा दुरुस्ती पक्ष म्हणायचा, आहे तेच घर नीट करू. आईचा स्थलांतर पक्ष म्हणायचा, हे विकून कारंज्याला जाऊ. मी कडी पक्षाची. जो कडी देईल त्याला माझा बाहेरून पाठिंबा.

"कारंज्याले दारापुढून ऑटो जाते," आई म्हणाली.

"ऑटोत बसून जाशीन कुठी?"

"इकडंच. वांगे तोडाले."

"वांगे तोडाले इकडंच यायचं हाय, तं जायाचं कायले?"

"ऑटोत बसाले."

यावर तीन आठवडे चर्चा चालली. शेवटी एकाच मुद्द्यावर एकमत झालं. घर विकायचं असो की दुरुस्त करायचं असो, ग्रामपंचायतीतून घराच्या नोंदीचा उतारा, म्हणजे आठ नमुना, काढावा लागतो. मी आणि बाबा गेलो. (गावाचं नाव सांगत नाही. कामरगावहून जीपनं येतं, एवढं पुरे.)

ग्रामपंचायतीतल्या शेषरावकाकांनी उतारा छापून दिला. बाबांनी वाचला, मग मला दिला, कारण त्यांना वाटलं चष्मा बदलायला झाला. त्यात लिहिलं होतं: राहते घर, एक खोली, कुडाच्या भिंती, वर टिन. कोठा, चार खोल्या, पक्क्या विटा, वर स्लॅब.

कोठा म्हणजे आमच्याकडे गोठा.

"शेषरावभाऊ, हे उलटं झालं," बाबा म्हणाले.

"उलटं कसं होईन गजाभाऊ? शिक्का तं सीदा हाय."

चौकशीअंती आबांनी कबुली दिली. वीस वर्षांपूर्वी घरांची नोंद करायला एक कर्मचारी आले होते. लांबच्या जिल्ह्यातले, पुस्तकासारखं बोलणारे. त्यांनी आबांना विचारलं, "आजोबा, घर कोठे?" आता आमच्याकडे माणूस "कुठी" विचारतो. "कोठे" हा शब्द आबांना जन्मात कोणी विचारला नव्हता. त्यांना वाटलं, साहेब कोठ्याचं विचारून राह्यले. त्यांनी काठी उचलून चंद्रीच्या आजीचा टिनाचा कोठा दाखवला. साहेबांनी त्याला घर लिहिलं. मग चार खोल्यांचं जे शिल्लक राहिलं ते काय असणार, तर कोठा.

"त्यानं कोठा इचारला, म्या कोठा दाखोला," आबा म्हणाले. "माही काय चूक?"

आबांची चूक नव्हती. व्याकरणाची होती, आणि व्याकरणावर कारवाई करता येत नाही.

"मंग दुरुस्त करून द्या," बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"होते ना दुरुस्त," शेषरावकाका म्हणाले. "फक्त घर हे घर हाय, याचा पुरावा आना."

"कोनता?"

"आठ नमुना."

दरम्यान स्थलांतर पक्षानं जऊळक्याचं एक गिऱ्हाईक आणलं होतं. त्यानं चारही खोल्या पाहिल्या, पसंत केल्या, चहा हातात घेतला आणि उतारा मागितला. कागदाप्रमाणे घर म्हणून त्याला टिनाखालची खोली मिळणार होती. त्यानं खोलीत डोकावलं. चंद्रीनं त्याच्याकडे पाहिलं. चहा अर्धा राहिला.

मग दुरुस्ती पक्षाला बहुमत मिळालं. कागदावरच्या कोठ्याच्या, म्हणजे आमच्या चार खोल्यांच्या, दुरुस्तीला परवानगी मिळत होती, फक्त भाषा कोठ्याची हवी होती.

"सैपाकाचा ओटा लिहू नका," शेषरावकाकांनी समजावलं. "कोठ्यात ओटा बसत नाई. गव्हाण बसते."

म्हणून आईचा ओटा "फरशी लावलेली गव्हाण" म्हणून मंजूर झाला. न्हाणी "जनावरे धुण्याची जागा" झाली. माझ्या खोलीसाठी बाबांनी लिहिलं: वासरासाठी बंदिस्त कप्पा, आतून कडीसह.

शेषरावकाका थांबले. "आतून कडी काहून? वासरू कडी लावते काय?"

"हुशार हाय," बाबा म्हणाले. मला फार बरं वाटलं.

फॉर्म मी भरला. आमच्या घरात ऑनलाइन म्हणजे मीच. वासराच्या रकान्यात लाल फुली येत होती: बारा अंकी क्रमांक आवश्यक. जनावरांच्या कानाला जो पिवळा बिल्ला असतो, त्याच्यावरचा. चंद्रीला वासरूच नव्हतं, तर बिल्ला कुठून आणणार? मला एकच बारा अंकी क्रमांक तोंडपाठ होता, माझ्या आधार कार्डाचा. टाकून पाहिला. हिरवी खूण आली.

आठच दिवसांत बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला: आपल्या वासराचे लसीकरण बाकी आहे.

काम जानेवारीत संपलं. आता पूर्णत्वाची पाहणी होती, आणि नियम असा की माणसं घरात दिसली पाहिजेत, जनावरं कोठ्यात.

"दोन घंट्याची गोष्ट हाय," शेषरावकाका म्हणाले. "साहेब येतीन, पाहतीन, जातीन. मंग तुमी पुन्ना आपल्या जागी."

त्या सकाळी आम्ही टिनाखाली राहायला गेलो. आई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन म्हणाली, "मले कारंज्याले जायाचं होतं वो. बारा पावलं नाई." चंद्रीला चौथ्या खोलीत नेलं. तिनं वाटेत सांबाराच्या दोन जुड्या खाल्ल्या आणि टीव्हीसमोर बसली.

साहेब आले. तेही पुस्तकासारखे बोलत होते. यादी पाहून त्यांनी आबांना विचारलं, "वासरू कोठे?"

आबांनी ताबडतोब काठी उचलून स्लॅबचा, कागदावरचा कोठा दाखवला. वीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर प्रश्नाला बसलं.

त्या वेळी मी कप्प्यात होते. नवी कडी लागते का, एवढंच पाहायला गेले होते. लागली. इतकी छान लागली की निघवेना. बाहेरून साहेबांनी दार वाजवलं. "आत कोण आहे?"

मी विचार केला. नाव सांगितलं तर कोठ्यात माणूस सापडणार, परवानगी जाणार, परवानगीबरोबर कडी. नाव नाही सांगितलं तर मी वासरू. परीक्षेला चाळीस दिवस होते. मी गप्प बसले. हंबरले मात्र नाही, एवढा स्वाभिमान आहे.

साहेबांनी लिहिलं: वासरू लाजाळू. नोंद व वस्तुस्थिती तंतोतंत जुळते. यापुढे पाहणी पूर्वसूचनेशिवाय, केव्हाही.

त्या "केव्हाही"मुळे कोणी पुन्हा आपल्या जागी गेलं नाही. दुरुस्ती झाली आणि स्थलांतरही झालं. दोन्ही पक्ष जिंकले आणि टिनाखाली झोपतात. चंद्री स्लॅबखाली टीव्ही पाहते. मी तेवढी माझ्या कप्प्यात, आतून कडी लावून, भूमिती सोडवते. वहीला आता शेणाचा वास येतो, मॅडमना भूक लागत नाही.

तुम्ही हसत असाल तर हसा. पण ते बारा अंक तुम्हीही सिमकार्डापासून रेशनपर्यंत किती जागी टाकलेत? हिरवी खूण आली की खालचं न वाचता "सहमत आहे" दाबलंत ना? मग तुमची नोंद कोणत्या रकान्यात झाली, ते पाहिलंत का? नसेल पाहिलं तरी घाबरू नका. लसीची तारीख आली की ते आपणहून कळवतात.